पाळणाघरातील मुलांचा दिनक्रम (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

पाळणाघर म्हणजे आईवडील कामावर असताना लहान मुलांचा दिवसभर सांभाळ करणारे घर किंवा संस्था होय. येथे साधारणपणे सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले असतात. काही ठिकाणी शाळा सुटल्यानंतर येणारी मोठी मुलेही सांभाळली जातात. बालवाडी किंवा अंगणवाडी काही तासच चालते, पाळणाघर मात्र मुलाचा जवळजवळ सगळा जागेपणीचा वेळ व्यापते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत हा दिवस विशेष लांब असतो, कारण तो मुलांच्या वयावरून कमी आणि आईवडिलांच्या लोकलगाडीवरून अधिक ठरतो. बालशिक्षणाच्या पुस्तकांतील वेळापत्रके तीनचार तासांची असतात. येथील मूल दहा ते बारा तास पाळणाघरात काढते. त्यामुळे गाणी, गोष्टी, चित्रकला यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक महत्त्व जेवण, झोप, स्वच्छता आणि वाट पाहणे या गोष्टींना येते.

परिसर आणि गरज

ही तिन्ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ओळीने वसली आहेत. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी स्थानके लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, तर बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. बदलापूरहून तेथे पोहोचण्यास लोकलने साधारण दीड तास लागतो. आठ तासांची नोकरी, जेवणाची सुट्टी आणि जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर आई किंवा वडील घराबाहेर असण्याचा काळ सहज बारा तासांवर जातो. घर ते स्थानक हा रिक्षाचा प्रवास आणि गाडीची वाट पाहणे यांचा यात समावेश नाही.

तिन्ही शहरांची घडण मात्र एकसारखी नाही. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले शहर असून त्याला ८ ऑगस्ट १९४९ रोजी आजचे नाव मिळाले. शहराचे भाग आजही कॅम्प क्रमांक १ ते ५ असेच ओळखले जातात. तेथे दुकानदारी, जीन्सची शिलाई आणि फर्निचरचा धंदा मोठा आहे. कुटुंबे अनेकदा दुकानाजवळच राहतात आणि एकत्र कुटुंबात लहान मूल आजीआजोबांकडे राहू शकते. दुसरीकडे, घरबसल्या कपड्यांचे सुटे धागे कापण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची मुले कामाच्या ढिगाशेजारीच खेळतात. पाळणाघराचा खर्च या घरांना परवडणारा नसतो. अंबरनाथ हे शस्त्रास्त्र कारखाना आणि आनंदनगर औद्योगिक वसाहत यांमुळे पाळीवर काम करणाऱ्यांचे शहर बनले.

बदलापूर मुख्यतः राहण्याचे गाव म्हणून वाढले. कुळगाव-बदलापूर नगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबई, ठाणे, डोंबिवलीतील घरांच्या किमती न परवडणारी तरुण कुटुंबे येथील सदनिकांत आली. आजीआजोबा गावी किंवा मुंबईच्या जुन्या चाळीतच राहिले, शेजार नवा आणि घराचे हप्ते फेडण्यासाठी दोघांची नोकरी आवश्यक, अशा स्थितीत पाळणाघर ही चैन न राहता घरखर्चाची एक ठरलेली बाब झाली.

पाळणाघरांचे प्रकार

सर्वांत प्रचलित प्रकार घरगुती पाळणाघराचा आहे. एखादी मध्यमवयीन गृहिणी आपल्याच सदनिकेत चारपाच ते दहाबारा मुले सांभाळते. ‘मुलाला काकूंकडे ठेवतो’ असेच पालक म्हणतात. दुसरा प्रकार पूर्व-प्राथमिक शाळेला जोडलेल्या पाळणाघराचा. सकाळी शाळा आणि दुपारनंतर त्याच इमारतीत सांभाळ, अशी ही व्यवस्था असते. शासनाच्या योजनेतून चालणारी आणि कामाच्या ठिकाणची पाळणाघरे हे आणखी दोन प्रकार आहेत.

कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरामागे कायदा आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांना सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. ही मर्यादा आधी ५० स्त्रियांची होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती ३० वर आली. मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही पाळणाघराची सोय आवश्यक ठरवली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. येथील नोकरदार आईला मात्र या तरतुदीचा उपयोग मर्यादित होतो. आईचे कार्यालय मुंबईत असेल, तर तेथील पाळणाघरात मूल नेण्यासाठी त्याला घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढावे लागते. म्हणून कार्यालयात सोय असली तरी मूल घराजवळच ठेवण्याकडे कल असतो.

पूर्वपीठिका

पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो यांनी १८४४ मध्ये कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, तेथून युरोपात ही कल्पना पसरली. भारतात मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि काही वर्षांतच मुंबईच्या बांधकामांवरही ती आली.

महाराष्ट्रातील या विषयाचा सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी काम केले (ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत). मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना त्यातूनच रुजली. कोसबाडच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी अडकलेल्या मुलीला शाळेत यायचे असेल, तर आधी त्या भावंडाची सोय लावली पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार होता. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाल्यावर अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

दिनक्रम

खालील वर्णन घरगुती पाळणाघराचे आहे. मोठ्या संस्थांत वेळा अधिक काटेकोर असतात, पण दिवसाची चौकट हीच असते.

पहिले मूल सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास येते. बहुधा ते झोपेतच असते. वडिलांच्या खांद्यावरून ते थेट सतरंजीवर उतरते. सोबतच्या पिशवीत जेवणाचा व खाऊचा डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचे दोन जोड, तान्ह्या मुलासाठी दुपटी व लंगोट, आणि असल्यास औषधाची बाटली असते. औषध कधी व किती द्यायचे हे कागदावर लिहून घेणे ही चांगल्या पाळणाघराची पहिली खूण होय, कारण सकाळी गाडी पकडण्याच्या घाईत तोंडी सांगितलेले मापच बहुधा विसरले जाते.

निरोपाची वेळ सर्वांत कठीण असते. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला आई दिसेनाशी झाल्याचे भय वाटू लागते आणि ते दीड वर्षांपर्यंत तीव्र राहते. मूल खेळात रमले असता मागल्या दाराने निघून जाण्याची पद्धत सर्रास आढळते; तिने त्या दिवशीचे रडणे टळते, पण दुसऱ्या दिवशी मूल आईचा पदर सोडत नाही. ‘मी जाते, संध्याकाळी येते’ असे सांगून, रडू आले तरी समोरून निघणे अधिक हिताचे ठरते. नव्या मुलाला पहिल्या दिवशी तासभर, मग अर्धा दिवस, असे आठदहा दिवसांत रुळवले जाते. आईचा जुना दुपट्टा किंवा घरची गोधडी जवळ असल्यास हे लवकर साधते.

आठ ते नऊ या वेळात तोंड धुणे, दूध आणि न्याहारी होते. पोहे, उपमा, शिरा, गूळ-तूप लावलेली पोळी, लहानग्यांना नाचणीची खीर हे नेहमीचे पदार्थ. सिंधी घरांतून आलेल्या डब्यात कोकी किंवा गोड लोली असते, आणि शेजारी बसलेल्या मुलाला ती हवी असते. डबे बदलण्याचा हा व्यवहार मुलांच्या पहिल्या सामाजिक व्यवहारांपैकी एक होय. काकू तो बहुधा चालू देतात, मात्र एखाद्या मुलाला शेंगदाणे किंवा अंडे सोसत नसेल तर तेवढी नजर ठेवावी लागते.

नऊ ते साडेअकरा हा दिवसातला सर्वांत जागता काळ. तीन वर्षांखालील मुले एकमेकांसोबत खेळण्यापेक्षा एकमेकांशेजारी खेळतात. डबे एकात एक घालणे, झाकणे लावणे-काढणे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, कणकेचे गोळे करणे यांत ती दीर्घकाळ रमतात. खेळण्यांच्या दुकानातील वस्तूंपेक्षा स्वयंपाकघरातील स्टीलच्या वाट्या त्यांना अधिक आवडतात, आणि घरगुती पाळणाघरात त्या आयत्याच असतात. तीन वर्षांपुढील मुले भातुकली, ठोकळे, मण्यांची माळ, भेंडीचे ठसे, चित्रांची पुस्तके आणि नक्कल यांकडे वळतात. बदलापूर-अंबरनाथच्या मुलांच्या भातुकलीत लोकल हमखास येते. खुर्च्यांची रांग लावली जाते, एकजण गार्ड होतो, आणि ‘पुढील स्टेशन’ची घोषणा अगदी हुबेहूब केली जाते. दिवसभर जी गाडी आईला घेऊन जाते आणि परत आणते तिच्यावर मुलाने खेळात मिळवलेला हा ताबा आहे, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या लक्षात आले तर खुर्च्या आवरण्याची घाई ती करणार नाही.

मोकळ्या जागेचा प्रश्न मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल हवी. सदनिकेतील पाळणाघरात हे सोसायटीच्या वाहनतळावर, गच्चीत किंवा जिन्याजवळच्या मोकळ्या भागात साधावे लागते, आणि शेजाऱ्यांची तक्रार आली की तेही थांबते. मग दूरदर्शनसंच लागतो. याच तत्त्वांत एक वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी पडदा पूर्ण वर्ज्य सांगितला. कार्टूनसमोर बसलेले मूल त्रास देत नाही, हेच नेमके या उपायाचे आकर्षण आणि हाच त्याचा तोटा आहे.

दुपारचे जेवण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान होते. वरणभात, मुगाची खिचडी, पोळीचा दुधात किंवा वरणात कुस्करलेला काला आणि मऊ भाजी हा आहार असतो. दीड वर्षांचे मूल स्वतःच्या हाताने खाऊ लागते तेव्हा अर्धे अन्न चटईवर सांडते. दहा मुले आणि दोन हात असा हिशेब असल्यामुळे अनेक ठिकाणी सर्वांना एकाच वाटीतून भरवले जाते. त्याने वेळ वाचतो, पण संसर्ग पसरतो आणि मुलाचे हाताने खाण्याचे शिकणे लांबणीवर पडते. जेवणानंतर हात-तोंड धुणे आणि शू-शी हा क्रम येतो. लंगोट सुटण्याचे वय बहुतेक मुले पाळणाघरातच ओलांडतात. इतर मुले रांगेने जातात हे पाहून मूल आपणहून मागे जाते, आणि घरी महिनोन्‌महिने न जमलेली गोष्ट येथे लवकर साधते.

एक ते साडेतीन ही झोपेची वेळ. ती केवळ विसाव्याची नाही, हे हिशेबाने समजते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला, दिवसाची झोप धरून, २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. वडील रात्री साडेआठला घरी येतात म्हणून साडेदहाला झोपलेले आणि गाडीसाठी सकाळी सहाला उठवलेले दोन वर्षांचे मूल रात्री साडेसात तासच झोपते. उरलेले साडेतीन तास पाळणाघराने द्यायचे असतात. रात्री लवकर झोपावा म्हणून दुपारी त्याला झोपवू नका, असे काही पालक सांगतात. त्याचा परिणाम संध्याकाळच्या किरकिरीत दिसतो. तान्ह्यांसाठी झोळी किंवा पाळणा असतो, बाकीची मुले ओळीने सतरंजीवर झोपतात. एखादे मूल पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नाही, एखाद्याला काकूंच्या साडीचा काठ हातात लागतो. ही माहिती कोठेही लिहिलेली नसते. म्हणूनच सांभाळणारी व्यक्ती वारंवार बदलली की मुले सर्वप्रथम झोपेत बिघडतात.

चारच्या सुमारास दूध, केळे, चुरमुरे किंवा राजगिऱ्याचा लाडू असा खाऊ होतो आणि मुले गोष्टीला बसतात. चिमणी-कावळ्याची गोष्ट शंभराव्यांदा ऐकतानाही मुले कावळ्याच्या पावसात भिजण्याशी त्याच उत्सुकतेने येऊन थांबतात. पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच या वयातला आनंद आहे. पाचनंतर खाली खेळणे, मग हातपाय धुऊन कपडे बदलणे, केस विंचरणे. देवापाशी दिवा लागला की घरगुती पाळणाघरातील मुले हात जोडून उभी राहतात.

साडेसहानंतर दाराची घंटा वाजू लागते. प्रत्येक घंटेला सगळी मुले दाराकडे धावतात आणि एकजण वगळता सगळी परत फिरतात. शेवटच्या मुलाचा तास हा दिनक्रमातला सर्वांत नाजूक भाग होय. या वेळी काकूंच्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक सुरू झालेला असतो आणि त्या स्वतः थकलेल्या असतात. अनुभवी स्त्रिया अशा मुलाला ओट्याजवळ बसवून मटार सोलायला किंवा कोथिंबीर निवडायला देतात.

भाषा

२०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात लहान मुलांशी व्यवहार मातृभाषेत व्हावा असे म्हटले आहे. उल्हासनगरच्या एका खोलीत मात्र सिंधी, मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्या घरांतील मुले एकत्र असतात. येथे सांभाळणारी बाई ‘ताई’, ‘मावशी’, ‘दीदी’ किंवा ‘काकू’ अशा कोणत्याही हाकेला ओ देते, आणि मुले तिच्या बोलण्यातून तिची भाषा उचलतात. घरी सिंधी बोलणारे मूल ‘भूक लागली’, ‘शू आली’ ही वाक्ये मराठीत प्रथम बोलताना आढळते. आगरी वळणाचे मराठी बोलणाऱ्या काकूंकडे वाढलेल्या मुलाच्या बोलण्यात तिचे हेल येतात. पालकांना त्याची कधीकधी लाज वाटते, तिला तसे कारण नाही.

पावसाळा

पावसाळ्यात या दिनक्रमाची कसोटी लागते. रुळांवर पाणी आले की कल्याणपलीकडची वाहतूक प्रथम विस्कळीत होते आणि मुलांना नेणारे हात मुंबईत अडकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात उपनगरी गाड्या बंद पडल्याने असंख्य प्रवासी त्या रात्री घरी पोहोचू शकले नाहीत, आणि उल्हास नदीचे पाणी बदलापुरातील वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवसांसाठी बरीच पाळणाघरे रात्रभर मूल ठेवण्याची तयारी ठेवतात. जादा कपडे, कोरडी दुपटी, दुधाची भुकटी, मेणबत्त्या आणि गावातीलच एखाद्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक हा त्या तयारीचा भाग असतो. पूररेषेजवळच्या तळमजल्यावरील पाळणाघराची जागा निवडताना पालकांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

जुलै-ऑगस्टमध्ये सर्दी, ताप, डोळे येणे आणि हात-पाय-तोंडावर फोड येणारा विषाणुजन्य आजार एका मुलाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातात. आजारी मूल घरी ठेवावे हा नियम सर्वत्र सांगितला जातो. पण रजा शिल्लक नसलेली आई सकाळी तापाचे औषध देऊन मूल आणून सोडते, आणि औषधाचा अंमल अकरा वाजता उतरतो.

मुलांची संख्या आणि सुरक्षितता

उपरोक्त २०१३ च्या धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे प्रमाण सुचवले. ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर जागा असावी, असेही त्यात आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस आणि दिवसाला साडेसात तास असा आराखडा होता; २०२२ मध्ये ही योजना ‘पालना’ या नावाने मिशन शक्तीत समाविष्ट झाली. घरगुती पाळणाघरे बहुधा अशा योजनांच्या कक्षेबाहेर असल्याने ही प्रमाणे त्यांना मार्गदर्शक म्हणूनच लागू पडतात. शिवाय साडेसात तासांसाठी आखलेले मनुष्यबळ बारा तास पुरत नाही. दिवसाच्या दोन टोकांना, म्हणजे सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सहानंतर, बहुतेक ठिकाणी एकटी स्त्री असते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण सीसीटीव्ही चित्रणामुळे उघड झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत पूर्व-प्राथमिक वयाच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप पुढे आला. तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नाही या संतापातून २० ऑगस्ट रोजी नागरिकांनी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरून अनेक तास रेल्वे रोखली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. ती घटना पाळणाघरातील नव्हती; तरी त्यानंतर या परिसरातील पालक पाळणाघराची चौकशी करताना पूर्वी न विचारलेले प्रश्न विचारू लागले. मुलांना शौचालयात कोण नेते, घरातील पुरुष दिवसा कोठे असतात, आईवडिलांखेरीज मूल कोणाच्या हाती दिले जाते, हे ते प्रश्न होत. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने (पोक्सो) असा गुन्हा ठाऊक असलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. पाळणाघर चालवणारी व्यक्ती त्यातून सुटत नाही.

कॅमेऱ्याने घडून गेलेली गोष्ट कळते. दोनअडीच वर्षांचे मूल तक्रार शब्दांत करू शकत नाही. ते खाणे सोडते, सुटलेला लंगोट पुन्हा भिजवते, एखाद्या व्यक्तीच्या जवळ जाण्यास नकार देते. रडणे मात्र अनेक कारणांनी येते आणि सोमवारी जवळजवळ सगळीच मुले रडतात, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. चांगल्या पाळणाघरात संध्याकाळी मूल परत देताना आज काय खाल्ले, किती वेळ झोपले, कोठे पडले-लागले हे दोन वाक्यांत सांगितले जाते, आणि पालक कितीही दमलेले असले तरी ते ऐकून घेतात.

शाळेत जाणारी मुले

पहिली-दुसरीची मुले दुपारी शाळेच्या रिक्षातून थेट पाळणाघरात येतात. त्यांचा गृहपाठ तेथेच होतो. धाकट्यांना झोपवणे, त्यांच्यासाठी गोष्टीचे पुस्तक वाचणे अशी कामे ती आपणहून करतात, आणि लहानांना मोठ्यांपेक्षा त्यांचेच अनुकरण अधिक रुचते. साधारण दहाव्या वर्षी किल्ली गळ्यात अडकवून मूल स्वतःच्या घरी थांबू लागते आणि त्याचे पाळणाघर सुटते; तरीही दिवाळीच्या फराळाचे ताट काकूंकडे पोहोचवण्याची पद्धत अनेक घरांत पुढेही टिकते.